रशियन कादंबरीतला पश्चात्ताप आणि लिझावेताचा प्रश्न

कातरवेळ (धागाकर्ता)

दस्तयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' तिसऱ्यांदा वाचून संपवली, त्याला आता पंधरवडा होत आला. पहिल्या वाचनात म्हातारीच्या खुनाच्या प्रकरणाने झोप उडवली होती. दुसऱ्या वाचनात तपास अधिकारी पोर्फिरी आणि खून करणारा नायक रास्कोल्निकोव्ह यांच्या भेटींत मी गुंतून पडलो होतो. या खेपेला मात्र लिझावेता मनातून जाईना, आणि ती जात नसल्यामुळे अपराध, पश्चात्ताप आणि उद्धार या रशियन कादंबरीच्या गाजलेल्या त्रयीविषयीच एक शंका मनात उभी राहिली आहे. ती येथे मांडतो. ज्यांचा अभ्यास अधिक आहे त्यांनी ती निःसंकोच खोडून काढावी.

कादंबरी वाचून बरीच वर्षे झालेल्यांसाठी थोडी उजळणी करतो. रास्कोल्निकोव्ह खून करतो तो अल्योना इवानोव्हना या गहाणावर पैसे देणाऱ्या म्हातारीचा, आणि त्यामागे त्याच्याजवळ एक सिद्धान्त असतो : असामान्य माणसाला मर्यादा ओलांडण्याचा अधिकार असतो आणि असली म्हातारी म्हणजे जगाच्या अंगावरची ऊ. लिझावेता ही या म्हातारीची सावत्र बहीण. उंच, बेढब, गरीब स्वभावाची आणि बहिणीच्या धाकात राबणारी. ती त्या सिद्धान्तात कुठेच बसत नाही. ती त्या संध्याकाळी घरी नसणार, हे रास्कोल्निकोव्हने बाजारातून जाताना कानांनी ऐकलेले असते. पण ती अवचित परत येते आणि तीच कुऱ्हाड तिच्यावर चालते. मारणारा समोर उभा असताना ती हातसुद्धा धड वर उचलत नाही. पुढे मोलकरीण नस्तास्या बोलता बोलता सांगून जाते, की हिनेच एकदा तुझा सदरा दुरुस्त करून दिला होता. दस्तयेव्हस्की हे वाक्य टाकतो आणि त्यावर एक अक्षरही न बोलता पुढे जातो.

कादंबरीच्या मध्यावर रास्कोल्निकोव्ह स्वतःच चकित होऊन स्वतःला विचारतो, की बिचाऱ्या लिझावेताची मला आठवणच कशी होत नाही, जणू मी तिला मारलेलेच नाही. माझ्या मते सबंध कादंबरीतला हा सर्वांत खरा प्रश्न आहे. म्हातारी त्याला स्वप्नात छळते, सिद्धान्त त्याला छळतो, आपण नेपोलियन ठरलो नाही याचा अपमान तर सर्वांत जास्त छळतो. लिझावेता मात्र छळत नाही. शरीर विकून सावत्र आईची पोरे जगवणारी सोन्या ही तिची मैत्रीण होती, आणि तिच्यापुढे तो कबुली देतो तेव्हा सोन्याच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो असा, की तुम्ही स्वतःचे हे काय करून घेतलेत. साऱ्या जगात तुमच्याइतके दुःखी आज कुणी नसेल. मैत्रीण मेली आहे, तिला मारणारा समोर बसला आहे, आणि दुःखी कोण, तर तो!

आता मला ज्या गोष्टीने अस्वस्थ केले ती सांगतो. सोन्या ज्या पुस्तकातून त्याला लाझारस मेलेल्यातून उठल्याची कथा वाचून दाखवते, ते बायबलच्या नव्या कराराचे पुस्तक तिला लिझावेताने आणून दिलेले असते. सोन्याच्या गळ्यातला तांब्याचा क्रूस लिझावेताचा. शेवटी सायबेरियात रास्कोल्निकोव्हच्या उशाखाली जे पुस्तक असते, ते हेच, असे लेखक मुद्दाम नमूद करतो. म्हणजे मारणाऱ्याच्या नव्या जन्माची सारी सामग्री मारलेल्या बाईकडून आली आहे, आणि त्या शेवटच्या पानांवर तिचे नावही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की रशियन कादंबरीने अपराध बोटाबोटाने मोजला, पण उद्धार लिहिताना ज्याच्यावर अन्याय झाला त्याला बाजूला सारले. उद्धार हा अपराधी आणि देव यांच्यातला, फार तर अपराधी आणि त्याच्यावर प्रेम करणारी स्त्री यांच्यातला व्यवहार ठरला. ज्याचे गेले त्याला कुणी विचारले नाही. हे खरे आहे का? खोटे असेल तर कुठे खोटे आहे?

अर्धविराम

मांडणी आवडली, परंतु एक दुरुस्ती लगेच सुचवतो. कादंबरीच्या सहाव्या भागाच्या अगदी अखेरीस रास्कोल्निकोव्हचे पोलीस ठाण्यातले कबुलीचे वाक्य आहे, आणि त्यात 'म्हातारीला आणि तिची बहीण लिझावेता हिला' मीच कुऱ्हाडीने मारले, असे दोघींचे उच्चार आहेत. किंबहुना म्हातारीचे नाव तो घेत नाही, लिझावेताचे घेतो. सोन्याच्या घरी तिच्यापुढे कबुली दिली तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर त्याला लिझावेताचाच चेहरा दिसलेला असतो. तेव्हा लेखक तिला विसरला, असे म्हणता येणार नाही. नायक विसरतो, आणि नायक विसरला आहे हे लेखक आपल्याला पुनःपुन्हा दाखवतो. या दोन गोष्टींत फरक आहे.

शब्दांविषयीही थोडे लिहितो, कारण मी काही वर्षे रशियन शिकलो आहे आणि हा विषय भाषांतरात बराच सांडतो. मूळ शीर्षकातला 'प्रेस्तुप्लेनिये' हा शब्द 'ओलांडणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. रेषा ओलांडून पलीकडे पाऊल टाकणे हा त्यातला भाव. आपल्या 'अपराध' शब्दातली प्रतिमा अगदी वेगळी आहे. 'राध्' म्हणजे साधणे, आणि 'अपराध' म्हणजे नेम चुकणे. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला अमरकोश 'अपराद्धपृषत्क' म्हणतो. रास्कोल्निकोव्हला रेषा ओलांडायची असते. लिझावेता मेली तिथे त्याचा नेम चुकला आहे. तुमचा सगळा धागा या दोन शब्दांमधल्या फटीत उभा आहे, असे मला वाटले.

दुसरे असे, की 'पश्चात्ताप' या एका मराठी शब्दासाठी रशियनमध्ये दोन शब्द आहेत. 'रास्कायानिये' म्हणजे मनाला होणारी टोचणी, आणि 'पोकायानिये' म्हणजे जीवनाची दिशाच पालटणे, ज्याला चर्चच्या संस्काराचा संदर्भ आहे. उपसंहारात लेखक स्पष्ट लिहितो, की नशिबाने त्याला 'रास्कायानिये' दिले असते तर तो आनंदाने रडला असता, पण त्याला आपल्या अपराधाचा पश्चात्ताप झाला नाही. तुरुंगात वर्ष होत आले तरी त्याला स्वतःची चूक एवढीच दिसते, की आपल्याला ते पेलले नाही आणि आपण कबूल होऊन बसलो. इतकी प्रामाणिक पाने ज्या लेखकाने लिहिली, त्याच्यावर स्वस्त उद्धाराचा आरोप करताना थोडे थांबावे.

औदुंबर

मी वकिली करतो, त्यामुळे या कादंबऱ्या वाचताना माझे लक्ष नको तिथे जाते. रास्कोल्निकोव्हला दोन खुनांसाठी आठ वर्षे सक्तमजुरी होते. शिक्षा सौम्य का झाली, याची कारणे उपसंहारात तपशिलाने दिली आहेत : तो आपणहून हजर झाला, चोरलेल्या मालाला त्याने हात लावला नाही, मनःस्थिती ठीक नव्हती, विद्यार्थी असताना एका क्षयी सोबत्याला त्याने पदरमोड करून सांभाळले होते आणि आगीतून दोन लहान मुलांना वाचवले होते. पोर्फिरीनेही आपला संशय उघड न करण्याचा शब्द पाळला. या यादीत अपराध्याच्या बाजूचे सारे काही आहे. मेलेल्या दोघींच्या बाजूने उभे राहणारे न्यायालयात कुणी नव्हते, कारण त्यांना कुणी नव्हतेच. धागाकर्त्यांचा मुद्दा मला येथे पटतो.

परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी, की दस्तयेव्हस्कीने गुन्हेगार पुस्तकात पाहिलेले नव्हते. १८४९ साली पेत्राशेव्हस्की मंडळाच्या खटल्यात त्याला अटक झाली, त्या डिसेंबरात वधस्तंभापुढे उभे करून ऐन वेळी शिक्षा बदलल्याचे सांगण्यात आले, आणि पुढची चार वर्षे त्याने ओम्स्कच्या तुरुंगात पायात बेड्या घालून काढली. वाटेत तोबोल्स्क येथे डिसेंब्रिस्ट बंडवाल्यांच्या बायकांनी त्याला नव्या कराराची एक प्रत दिली; ती आपल्या उशाखाली चार वर्षे होती, असे त्याने नंतर लिहिले. रास्कोल्निकोव्हच्या उशाखालचे पुस्तक तिथून आले आहे.

त्या तुरुंगावर त्याने १८६० ते १८६२ या काळात 'हाउस ऑफ द डेड' लिहिले. त्यातला निवेदक सांगतो, की इतक्या वर्षांत या माणसांमध्ये मला पश्चात्तापाची पुसटशीही खूण दिसली नाही आणि त्यांतले बहुतेक जण आतून स्वतःला पूर्णपणे निर्दोष समजत. १८७३ साली 'लेखकाच्या रोजनिशी'त तोच दस्तयेव्हस्की त्याच कैद्यांविषयी लिहितो, की त्यांच्यातल्या एकानेही स्वतःला अपराधी समजणे सोडले नव्हते, आणि त्या दीर्घ, शुद्ध करणाऱ्या आंतरिक वेदनेतून बहुधा एकही सुटला नसेल. माणसे तीच आणि तुरुंग तोच, साक्ष मात्र दहा-बारा वर्षांत उलटी झाली. माझ्यासमोर एखाद्या साक्षीदाराने असे केले असते तर मी उलटतपासणीत त्याला सोडले नसते. पण लेखकाच्या बाबतीत मला वाटते, की जे पाहिले ते त्याने आधी लिहिले, आणि जे दिसायला हवे होते ते नंतर. 'क्राइम अँड पनिशमेंट' १८६६ सालची, म्हणजे या दोन साक्षींच्या मधली. त्यामुळेच तिच्या उपसंहारात पश्चात्ताप न झालेला कैदी आणि नदीकाठी अचानक पालटलेला माणूस हे दोघेही काही पानांच्या अंतराने राहतात, आणि सांधा दिसतो.

मुक्काम_पोस्ट

सांधा दिसतो, हे अगदी खरे. तो उपसंहार मला कायम वरून चिकटवल्यासारखा वाटला आहे. कादंबरीकार नाबोकोव्हने तर खुनी आणि वेश्या एकत्र बसून पवित्र ग्रंथ वाचतात या दृश्याचीच टर उडवली होती, आणि ती टर कितीही उद्दाम असली तरी तिच्यात तथ्य आहे.

उद्धार लिहिता येत नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा गोगोल आहे. 'डेड सोल्स'च्या पहिल्या भागात त्याने चिचिकोव्ह हा मेलेल्या भूदासांची कागदोपत्री खरेदी करणारा भामटा असा रंगवला, की तो अजून जिवंत आहे. दुसऱ्या भागापासून त्याला सुधारायचे ठरवले, आणि त्यापायी वर्षांमागून वर्षे गेली. फेब्रुवारी १८५२ मध्ये त्याने ते हस्तलिखित जाळले, आणि काही दिवसांतच तो वारला. भामटेगिरी लिहिणे जमले. भामट्याचे पालटणे त्याला स्वतःलाच खरे वाटेना.

जुनी_वही

कातरवेळ, आपण विचारलेत की ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कुणी विचारले का. टॉलस्टॉयने विचारले, आणि त्याला जे उत्तर मिळाले ते त्याने जसेच्या तसे छापले. 'रिझरेक्शन'चा उल्लेख अजून कुणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते.

या कादंबरीचे बीज न्यायखात्यातल्या अनातोली कोनी यांनी टॉलस्टॉयला १८८७ साली सांगितलेल्या एका खऱ्या प्रकरणात आहे. न्यायालयात ज्यूरी म्हणून बसलेल्या एका माणसाने आरोपीच्या पिंजऱ्यात आपणच पूर्वी नासवलेली मुलगी ओळखली आणि तिच्याशी लग्न करायचे ठरवले. ती तुरुंगातच टायफसने वारली. टॉलस्टॉयने या गोष्टीशी दहा वर्षे झुंज दिली. १८९९ मध्ये ती 'नीवा' साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली, आणि तिचे पैसे त्याने दुखोबोर पंथाच्या लोकांना कॅनडाला पाठवण्यासाठी दिले. खऱ्या गोष्टीतली मुलगी मरते. टॉलस्टॉयने तिला जिवंत ठेवले, आणि माझ्या मते सारा फरक तिथेच पडला, कारण जिवंत माणूस बोलतो.

कादंबरीत प्रिन्स नेख्ल्यूदोव्ह कात्यूशाला नासवून तिच्या हातात शंभर रुबल कोंबून निघून गेलेला असतो. वर्षांनंतर कात्यूशा मास्लोवा वेश्या म्हणून, एका व्यापाऱ्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपाखाली उभी आहे, आणि हा ज्यूरीत आहे. ज्यूरीला ती निर्दोष वाटते, तरी उत्तर लिहून देताना 'जीव घेण्याचा हेतू नव्हता' हे शब्द घालायचे राहून जातात आणि तिला चार वर्षे सायबेरियाची सक्तमजुरी होते. (औदुंबर, हा प्रसंग आपण वाचला नसेल तर अवश्य वाचावा. माणसे दमलेली आहेत, घरी जायची घाई आहे, आणि एक वाक्य राहून जाते. त्यात दुष्ट कुणीच नाही.)

यानंतर नेख्ल्यूदोव्ह तिला तुरुंगात भेटतो आणि आपले पाप धुऊन काढायला तुझ्याशी लग्न करीन, असे सांगतो. ती त्या वेळी प्यालेली असते, आणि तीही त्यानेच दिलेल्या पैशांची. ती उसळून म्हणते, की या जन्मी तू माझ्यापासून सुख घेतलेस, आणि आता परलोकातली तुझी सुटकाही माझ्याच जिवावर करून घ्यायची आहे! आपल्या लिझावेताला बोलता आले असते, तर ती याहून निराळे काय बोलली असती?

नेख्ल्यूदोव्हचा पश्चात्ताप खोटा नाही, परंतु त्यात स्वतःकडे पाहून गहिवरणे आहे, आणि टॉलस्टॉय ते लपवत नाही. आपण किती चांगले झालो आहोत या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणी येते, तेव्हा ते पाणी चांगलेही होते आणि वाईटही, असे टॉलस्टॉय लिहितो.

कातरवेळ

जुनी_वही, आपला प्रतिसाद वाचून कादंबरी पुन्हा काढली. कात्यूशाचे ते वाक्य मी विसरलो होतो, हे माझ्याच मुद्द्याला लागू पडते. अर्धविराम यांची दुरुस्ती मान्य आहे. नायक विसरतो आणि लेखक विसरत नाही, हा भेद मी करायला हवा होता.

तरीही माझी शंका पुरती गेलेली नाही, कारण दस्तयेव्हस्कीकडे ही गोष्ट एकदाच घडलेली नाही. 'ब्रदर्स कारामाझोव्ह'मधला झोसिमा या साधूचा गूढ पाहुणा आठवा. शहरात प्रतिष्ठित, दानशूर, बायकामुलांचा धनी असा हा मिखाईल चौदा वर्षांपूर्वी आपल्याला नकार देणाऱ्या बाईचा खून करून नामानिराळा राहिलेला असतो. तरुण झोसिमाच्या सहवासात तो कबुलीपर्यंत येतो आणि आपल्या वाढदिवसाला जमलेल्या पाहुण्यांसमोर पुराव्यांसह सारे सांगून टाकतो. कुणीही विश्वास ठेवत नाही. त्याला वेड लागले असे ठरते, आणि काही दिवसांत तो शांत मनाने मरतो. या कथेची रचना अप्रतिम आहे. विशेषतः आदल्या रात्री तो निरोप घेऊन जातो आणि मग परत येतो, ते झोसिमाला ठार मारायला आलेला असतो हे जेव्हा कळते, तेव्हा अंगावर काटा येतो. पण या कथेतही एक लिझावेता आहे. खुनाचा संशय त्या बाईच्या प्योत्र नावाच्या भूदासावर आला होता, त्याला पकडले होते, आणि तो तापाने इस्पितळात बेशुद्धीतच मेला. मिखाईल स्वतःची समजूत घालताना म्हणतो, की माझ्यामुळे कुणाला शिक्षा झाली नाही, तो नोकर तर आजाराने गेला. त्याच्या उद्धाराच्या हिशेबात प्योत्र शेवटपर्यंत जमेला धरलेला नाही.

कबुलीतही एक प्रदर्शन असते, हे दस्तयेव्हस्कीला नेमके ठाऊक होते. 'डीमन्स'मध्ये स्ताव्रोगिन एका लहान मुलीवर केलेल्या अत्याचाराची आणि तिच्या मरणाची कबुली छापून घेऊन तीखोन या धर्मगुरूकडे येतो. संपादक कातकोव्हने ते प्रकरण छापायचे नाकारले, आणि वाचकांना ते १९२२ साली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर एक्केचाळीस वर्षांनी मिळाले. तीखोन ते कागद वाचतो आणि विचारतो, की यात काही दुरुस्ती करता येणार नाही का. कसली, असे विचारल्यावर तो म्हणतो : थोडी शैलीत. कबुलीजबाब वाचून शैलीवर बोट ठेवणारा हा म्हातारा मला सगळ्या रशियन कादंबरीतला सर्वांत चाणाक्ष वाचक वाटतो. स्ताव्रोगिन लोकांचा तिरस्कार झेलायला तयार आहे. लोक हसतील, हे मात्र त्याला सोसवणार नाही, हेही तोच ओळखतो.

मुक्काम_पोस्ट

मग लेस्कोव्हची कातेरीना इझ्मायलोवाच बरी म्हणायची. ती सासऱ्याला, नवऱ्याला आणि एका लहान पोराला मारते, आणि शेवटी व्होल्गेच्या पाण्यात उडी घेण्यापूर्वी प्रार्थना करू पाहते, तर ओठांवर येतात ते प्रियकराबरोबर काढलेल्या रात्रींचे आणि मिळून केलेल्या खुनांचे शब्द. 'लेडी मॅकबेथ ऑफ द म्त्सेन्स्क डिस्ट्रिक्ट' ही कथा १८६५ साली छापली कुणी, तर दस्तयेव्हस्कीच्याच मासिकाने.

औदुंबर

चेकॉव्हची 'मर्डर' ही कथा या धाग्यात यायलाच हवी. १८९० साली चेकॉव्ह सखालिन बेटावर गेला आणि तिथल्या कैद्यांची घरोघर फिरून त्याने सुमारे दहा हजार नोंदपत्रके भरली. कथा त्यानंतर पाच वर्षांनी आली. याकोव्ह हा घरातच वेगळी उपासना मांडून बसलेला कर्मठ माणूस. त्याचा चुलतभाऊ मात्वेई एके काळी स्वतः अशाच कर्मठपणाच्या आहारी गेलेला होता, त्यातून सावरून साधा भाविक झाला होता, आणि 'दादा, पश्चात्ताप करा' असे याकोव्हला सारखे टोकत असे. एके दिवशी, उपवासाच्या दिवसांत, मात्वेई उकडलेल्या बटाट्यांवर तेल घेतो. तेवढ्यावरून भांडण पेटते आणि याकोव्ह व त्याची बहीण त्याला मारून टाकतात. कारण म्हणाल तर तेल.

याकोव्हला वीस वर्षांची शिक्षा होते. घरच्या ओढीने तो पळून जायचा प्रयत्न करतो, पकडला जातो, आणि जन्मठेप व फटके पदरात पडतात. मग त्याचे कपडे चोरीला जातात, त्याबद्दलही फटके त्यालाच. चेकॉव्ह हे अशा सुरात सांगतो, की जणू तो सरकारी तक्ताच वाचून दाखवतो आहे. आणि या सगळ्यातून, वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या कैद्यांचे हाल पाहता पाहता, याकोव्हला देव सापडतो. कथा संपते तेव्हा तो अंधाऱ्या समुद्रकाठी उभा आहे. घरी जावे, एका तरी माणसाला नाशातून वाचवावे आणि एक दिवस तरी दुःखावाचून जगावे, एवढीच त्याची इच्छा आहे. समोर आगबोटीत कोळसा भरायचे काम आहे. ते त्याला करावेच लागणार.

येथे सोन्या नाही, नदीकाठचा साक्षात्कार नाही, उशाखाली पुस्तक नाही. मेलेल्या मात्वेईचे बोल तेवढे खरे ठरले आहेत, आणि चेकॉव्ह तेही बोलून दाखवत नाही. मला हा उद्धार पटतो, कारण त्याने याकोव्हचा एक फटकाही कमी केला नाही.

जुनी_वही

याच्या उलट बाजूची एक छोटी गोष्ट आठवली : टॉलस्टॉयची १८७२ सालची 'गॉड सीज द ट्रुथ, बट वेट्स'. व्लादिमीर गावचा व्यापारी अक्स्योनोव्ह न केलेल्या खुनासाठी सव्वीस वर्षे सायबेरियात काढतो. बायकोसुद्धा त्याला विचारते, की खरे सांगा, तुम्हीच तर केले नाही ना. त्या दिवसापासून तो माणसांकडे न्याय मागणे सोडतो. खरा खुनी माकार त्याच तुरुंगात येतो. तो भिंतीखाली भुयार खणत असल्याचे अक्स्योनोव्ह पाहतो, पण अधिकाऱ्यांना सांगत नाही, आणि एका रात्री माकार त्याच्यापुढे गुडघे टेकून क्षमा मागतो. अक्स्योनोव्ह म्हणतो, की देव तुला क्षमा करील. मी कदाचित तुझ्याहून शंभर पटींनी वाईट असेन. दोघेही रडतात, आणि तेव्हापासून त्याची घराची ओढ संपते. सुटकेचा हुकूम येतो तेव्हा तो मेलेला असतो.

कातरवेळ, ज्याचे गेले त्यालाच येथे विचारले आहे, आणि त्याने उत्तरही दिले आहे. पण ते उत्तर मला अजूनही पुरते समजलेले नाही. शंभर पटींनी वाईट कसा? सव्वीस वर्षे मनात बाळगलेल्या द्वेषामुळे म्हणावे, तर त्याचा हिशेबही माकारच्याच नावावर मांडायला हवा होता.

कातरवेळ

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला या गोष्टीत बरेचसे मिळाले, आणि तरी आपला शेवटचा परिच्छेद वाचून मी आपल्याच बाजूने झुकतो. एवढे मात्र मान्य करतो, की टॉलस्टॉयकडे अन्याय झालेला माणूस गोष्टीच्या मध्यभागी बसू शकतो. दस्तयेव्हस्कीकडे तो पुस्तक, क्रूस आणि सदऱ्याचे टाके मागे ठेवून जातो.

अर्धविराम, आपण मूळ रशियन वाचता म्हणून विचारतो. 'रिझरेक्शन'च्या अखेरीस कात्यूशा नेख्ल्यूदोव्हला सोडून राजकीय कैदी सिमोन्सन याच्याबरोबर जायचे ठरवते, तिथल्या निरोपाच्या प्रसंगात माझ्या इंग्रजी प्रतीत काहीतरी निसटले आहे, असे वाटते. ती 'क्षमा करा' का म्हणते? क्षमा तिने मागायची काय कारण?

अर्धविराम

निसटले आहे खरे. रशियनमध्ये कायमचा निरोप घेताना 'प्राश्चायते' म्हणतात आणि क्षमा मागताना 'प्रास्तीते'. दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. कात्यूशा जाताना जवळजवळ ऐकू येणार नाही अशा आवाजात 'प्रास्तीते' म्हणते, आणि तिने 'प्राश्चायते' म्हटले नाही, हे टॉलस्टॉय मुद्दाम लिहितो. त्या एका शब्दावरून आणि तिच्या तिरप्या नजरेवरून नेख्ल्यूदोव्हला कळते, की तिचे त्याच्यावर प्रेम आहे आणि आपल्याशी बांधला गेला तर याचे आयुष्य वाया जाईल म्हणूनच ती सिमोन्सनबरोबर जात आहे. ज्याने तिचे आयुष्य नासवले त्याची ती क्षमा मागते, आणि त्याला त्याच्या प्रायश्चित्तातून मोकळा करते.

मराठीत हे कसे आणावे, यावर मी बरेच दिवस अडलो होतो. आपण निघताना 'येते' म्हणतो, त्यात क्षमेचा गंध नाही. 'क्षमा असावी' म्हणावे तर निरोप हरवतो. मग आजोळी लहानपणी ऐकलेले आठवले. महिनाभर राहून परत निघालेल्या बायका उंबऱ्याशी थांबून, ज्यांनी त्यांना पुष्कळ बोलून घेतले असेल त्यांनाच म्हणत, 'चुकलंमाकलं माफ करा हं, येते.' माझ्या वहीत सध्या हेच लिहिले आहे. फक्त कात्यूशाच्या तोंडी 'येते' राहू द्यावे की खोडावे, ते ठरत नाही, कारण ती परत येणार नाही.